पट्टीनं काढलेलं गाव

मित्रांनो, हे पान वाचायला घेण्याआधी एक काम करा. वहीचा एक कोरा कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि आपल्या गावाचा नकाशा काढायला बसा. शहरात राहत असाल तर आपल्या गल्लीचा काढा. कुणाला विचारायचं नाही, मोबाइलवर बघायचं तर मुळीच नाही. आठवून आठवून काढायचा. पंधरा मिनिटांत जमला तर तुमचं कौतुक. मला सातवीत असताना तीन दिवस जमला नव्हता.

माझं गाव करकंब. सोलापूर जिल्हा, तालुका पंढरपूर. पंढरपूरहून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलात की वाटेत येतं. चांगलं मोठं, बाजाराचं गाव. पण मोठं गाव म्हणजे सरळ गाव नव्हे बरं का! आमच्या लहानपणी एखादी गल्ली नाकासमोर चालता चालता मध्येच कुणाच्या तरी ओसरीला धडकायची आणि मुकाट्यानं डावीकडे वळायची. एक बोळ इतका अरुंद होता की समोरून म्हैस आली तर आपणच पाठ करून माघारी पळायचं. आमच्या घराजवळच्या रस्त्याला विनाकारण एक बाक होता. मी आजीला विचारलं, "हा रस्ता असा वाकडा का गं?" आजी म्हणाली, "तिथं लिंबाचं झाड होतं. माझ्या लग्नाच्या वेळेला होतं. झाड गेलं, वळण ऱ्हायलं."

आता असल्या गावाचा नकाशा कसा काढायचा सांगा! मी देवळापासून सुरुवात करायचो, बाजारापर्यंत यायचो, आणि शाळा काढायची वेळ आली की कागद संपलेला असायचा. खोडरबरानं कागदाला भोक पडलं. शेवटी तिसऱ्या दिवशी जसा जमला तसा काढला आणि शाळेत घेऊन गेलो.

ही गोष्ट १९८१ सालची. त्या वर्षी आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला होता. त्याचं नाव कुणी फारसं घेत नसे. पोरं त्याला 'धरणवाला' म्हणायची. मीही म्हणायचो. तो माझ्याच बाकावर बसायचा आणि फार कमी बोलायचा. गृहपाठ म्हणून त्यानंही नकाशा काढून आणला होता, आणि तो नकाशा बघून आम्ही सगळे गारच पडलो. काय सुरेख नकाशा! पट्टीनं आखलेले सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे चौकोन, प्रत्येक चौकोनात नंबर. एका कोपऱ्यात शाळा, एका कोपऱ्यात विहीर. खाली प्रमाणसुद्धा लिहिलेलं. मी त्याला हळूच विचारलं, "किती वेळ लागला रे?" तो म्हणाला, "धा-पंधरा मिंटं."

भूगोलाच्या गुरुजींनी तो नकाशा वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. मग माझा घेतला. माझ्या नकाशात गावाची एक बाजू कोरीच होती. गुरुजींनी तिथं बोट ठेवलं.

"आणि इथं रे काय आहे?"

"तिथं… काही नाही गुरुजी."

"काही नाही? मग तुझ्या वर्गातली तीन पोरं रोज सकाळी आभाळातनं पडतात होय?"

सगळा वर्ग हसला. ती तिघं हसली नाहीत. ती गावाबाहेरच्या वस्तीतली होती, जिथं आमच्या घरचं कुणी पाऊल टाकत नसे. मी त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो. मुद्दाम सोडली होती असं नाही, ती बाजू मला दिसतच नव्हती. आमचं गाव कुणी आखलेलं नाही, आपोआप वाढलंय, असं मला वाटायचं. पण कोण नदीच्या अंगाला राहणार, कोण वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कुणाची विहीर वेगळी, हे कुणीतरी फार पूर्वी ठरवलेलंच होतं की! फक्त त्याचा नकाशा कुठल्या कचेरीत टांगलेला नव्हता, एवढंच. हे मला तेव्हा कळलं असं सांगितलं तर ती थाप होईल. तेव्हा फक्त कान गरम झाले होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणू नये खरं तर. गुरुजी त्या मुलाचा नकाशा खिडकीशेजारी भिंतीवर लावायला गेले. कागद पातळ. उजेडासमोर धरल्यावर मागच्या बाजूच्या रेघा दिसायला लागल्या. गुरुजींनी कागद उलटा केला. मागं दुसराच नकाशा होता. पट्टी न लावता काढलेला, वाकडातिकडा, आमच्या करकंबसारखाच. एक नदी, नदीला उतरणाऱ्या पायऱ्या, देऊळ, चिंचेची दोन झाडं, एका घरावर बारीक फुली.

"हे काय रे?" गुरुजींनी विचारलं.

"आमचं गाव."

"आणि पुढचं?"

"ते गावठाण."

एवढंच बोलला तो. गुरुजींनी थोडा वेळ दोन्ही बाजू उलटसुलट पाहिल्या आणि नकाशा भिंतीला न लावता त्याच्या हातात परत दिला.

तुमच्यातल्या काहींना 'गावठाण' आणि 'गाव' यांतला फरक कळला नसेल, म्हणून सांगतो. टेंभुर्णीजवळ भीमा नदीवर उजनीचं धरण आहे. १९८० साली ते पुरं झालं. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी, महाराष्ट्रातल्या सगळ्यांत मोठ्या धरणांपैकी एक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पाणी एवढं साठवायचं तर त्याला जागा हवी, आणि ती जागा रिकामी नव्हती. सोलापूर, पुणे आणि नगर या तीन जिल्ह्यांतली भीमाकाठची गावं त्या पाण्याखाली गेली. इंदापूरकडच्या पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ तुम्ही फोटोत पाहिलं असेल. एरवी ते पाण्यात असतं, आणि उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की वर येतं. मग लोक गाड्या काढून बघायला जातात.

उठलेल्या गावांना दुसरीकडे जागा दिली जाते. तिथं आधी मोजणीदार येतात, साखळी लावतात, खुंट्या ठोकतात, कागदावर रस्ते आणि प्लॉट पाडतात. मग माणसं येतात. याला म्हणतात नवं गावठाण. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रानं १९७६ साली कायदाही केला, देशात असा कायदा आधी आपल्याच राज्यानं केला. 'अठरा नागरी सुविधा' हा शब्द तुम्ही धरणग्रस्तांच्या तोंडून हमखास ऐकाल. शाळा, रस्ते, पिण्याचं पाणी, स्मशानभूमी, अशी ती यादी आहे. कागदावर अठरा असतात. जागेवर किती, ते मोजत बसण्यात त्या लोकांची वर्षं जातात.

आणि आम्ही? आम्ही धरणाच्या खालच्या अंगाचे. उजनीचा डावा कालवा आमच्या भागाला आला आणि ज्या रानात ज्वारीची ताटं वाऱ्यावर खुळखुळायची तिथं ऊस उभा राहिला. आमच्या घरावर पत्रा जाऊन स्लॅब पडला तो त्याच पाण्यावर. माझ्या बाकावरच्या मुलाचं गाव ज्या पाण्यात होतं, त्याच पाण्यावर! हे गणित कुठल्याही गुरुजींनी फळ्यावर सोडवून दाखवलं नाही.

नकाशाचं वेड मात्र माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. दहावीनंतर मी आयटीआयला गेलो आणि ड्राफ्ट्समनचा कोर्स घेतला. म्हणजे नकाशे काढणाराच झालो की! आणि १९८७ साली आमच्या संस्थेची सहल किर्लोस्करवाडीला गेली.

पंढरपूरहून मिरजेला तेव्हा छोटी गाडी जायची, बार्शी लाईट. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. ती इतक्या सावकाश चालायची की पोरं उतरून बोरं वेचून परत चढत, असं सांगतात. मी मात्र उतरलो नाही, धाडस झालं नाही. आता ती गाडी गेली, तिथं मोठा रूळ आला. मिरजेला गाडी बदलून आम्ही पुण्याच्या बाजूला निघालो आणि किर्लोस्करवाडीला उतरलो. बाकीची पोरं कारखान्यातले पंप बघत होती. मी गाव बघत होतो. सरळ रस्ते. दुतर्फा झाडं. ओळीतली घरं. मला एकदम त्या नकाशाची आठवण झाली, पुढच्या बाजूच्या. हेही पट्टीनं काढलेलं गाव! पण इथं माणसं त्याला गावठाण म्हणत नव्हती. 'आमची वाडी' म्हणत होती. का बरं?

त्याची गोष्ट अशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण त्यांना रंगांमधला फरक नीट कळत नसे. रंगांधळा चित्रकार! मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले, ज्यात रंग लागत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. शेतकरी नांगराला हात लावीनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. कुठे जरा बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. कशासाठी, तर तिथं शहराची एक नवी वसाहत आखायची होती, ठळकवाडी नावाची. म्हणजे बघा, पट्टीनं काढलेल्या एका वस्तीनं ज्याला उठवलं, त्यानंच पुढे दुसरी वस्ती पट्टीनं काढली!

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार करणारे ते हेच. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १० हजार रुपये त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. जमीन कसली, निवडुंगाचं रान. निवडुंगात नाग. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव तिथं आले. बरोबर २५ कामगार आणि त्यांची बायकापोरं. आधी निवडुंग तोडायचा, मग साप मारायचे, मग भट्टी लावायची. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातच निवडुंग घातला, 'कॅक्टस अँड रोझेस'.

गावाची आखणी, रस्ते, पाणी, सगळी व्यवस्था रामूअण्णांकडे होती. जमलेली माणसं तर एकेक नमुना. शंभुराव जांभेकर इंजिनाचं काम बघत. अनंतराव फळणीकर हे शाळा सोडलेले, पण डोकं असं की यंत्र बघून यंत्र करतील. गावाच्या पहाऱ्याला कोण होतं माहीत आहे? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघं दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हातात राखण दिली आणि ती त्यांनी चोख केली. (औंधच्या राजांना ही कल्पना फार पटली असावी. त्यांच्याच संस्थानात आटपाडीजवळ पुढे १९३९ साली कैद्यांसाठी बिनभिंतींची वसाहत निघाली, स्वतंत्रपूर. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा चित्रपट तिच्यावरून सुचला. तीही एक आखून वसवलेली वस्तीच. पण तो विषय वेगळा.)

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा नियम होता. १९१० नंतरच्या त्या काळात, बरं का! हे ऐकलं तेव्हा मला माझ्या नकाशातली कोरी बाजू आठवली. नवं गाव आखताना पेन्सिल हातात असते. जुनी रेघ पुन्हा ओढायची की सोडून द्यायची हे तेव्हा ठरवता येतं. जुन्या गावात ती पुसायला पिढ्या लागतात, कधी कधी पुसतच नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशातून लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. मला ही गोष्ट फार आवडते. आणि नांगराच्या या गावातून मासिकं निघत होती! १९२० साली 'किर्लोस्कर खबर', १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. शंकरराव किर्लोस्कर ती चालवत. तुमच्या पणजीच्या ट्रंकेत कदाचित 'स्त्री'चा एखादा जुना अंक निघेल. शोधा.

आता तुम्ही म्हणाल, कारखानदारानं कामगारांसाठी आखीव गाव वसवायचं, हे काय फक्त आपल्याकडेच झालं? नाही. इंग्लंडात तर त्या काळात अशी गावं एकामागून एक निघाली होती. ड्राफ्ट्समनच्या नोकरीत असताना मला एका पुस्तकात त्यांचे नकाशे सापडले आणि मी ते पुस्तक महिनाभर परत केलं नाही.

यॉर्कशरमध्ये टायटस सॉल्ट नावाचा लोकरीचा गिरणीवाला होता. त्यानं १८५३ साली एअर नदीच्या काठी भलीमोठी गिरणी काढली आणि तिच्याभोवती गाव. सॉल्ट अधिक एअर म्हणून गावाचं नाव सॉल्टेअर. घरं दगडी, भक्कम, कपडे धुवायला वेगळी धुलाईघरं, दवाखाना, शाळा. आणि रस्त्यांना नावं कुणाची? एका रस्त्याला स्वतःच्या बायकोचं, बाकीच्या बऱ्याच रस्त्यांना पोरांची! विचार करा, तुमच्या बाबांच्या साहेबाच्या बबड्याचं नाव तुमच्या गल्लीला! गावात दारूचा गुत्ता मात्र काढू दिला नाही. २००१ पासून हे गाव जागतिक वारसा आहे.

लिव्हरनं १८८८ साली लिव्हरपूलजवळ साबणाचा कारखाना आणि कामगारांचं गाव काढलं. साबणाचं नाव सनलाइट, म्हणून गाव पोर्ट सनलाइट. ती सनलाइटची वडी आमच्या आजीच्या मोरीवरही असायची. आजीला काय ठाऊक, की या वडीच्या नावाचं अख्खं एक गाव आहे! आणि बॉर्नव्हिल हे तर चॉकलेटचं गाव. बर्मिंगहॅमजवळ कॅडबरी बंधूंचा कारखाना १८७९ साली तिथं गेला आणि १८९० नंतर जॉर्ज कॅडबरीनं भोवती गाव वसवलं. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडं आधीच लावून दिलेली. गाव फक्त कारखान्याच्या कामगारांसाठी ठेवलं नाही, आणि १९०० साली ते स्वतःच्या मालकीतून काढून एका विश्वस्त मंडळाकडे सोपवलं. मला विचाराल तर या सगळ्यांत शहाणा तोच. कारण पोर्ट सनलाइटसारख्या गावात घर कितीही चांगलं असलं तरी ते नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी गेली की घर गेलं.

पण त्या पुस्तकातल्या एका नकाशापाशी मी थांबलो. मिल्टन ॲबस. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये. सगळ्या चित्रांत हे गाव फार देखणं दिसतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकासारखी एक, गवताच्या छपरांची पांढरी घरं, मध्ये हिरवळ. पर्यटक फोटो काढतात. हे गाव १७८० च्या सुमाराला आखलं. का आखलं? तर लॉर्ड मिल्टन नावाच्या सरदाराच्या वाड्यासमोर एक जुनं बाजाराचं गाव होतं, मिडलटन. वाकड्या गल्ल्यांचं, गजबजलेलं. आपल्या करकंबसारखंच म्हणा ना! सरदाराला खिडकीतून ते दिसायचं आणि नको वाटायचं. मग त्यानं गाव पाडायला काढलं आणि माणसांना दरीपलीकडे त्या नव्या आखीव घरांत नेऊन ठेवलं. एक वकील मात्र घर सोडेना. असं सांगतात, की सरदारानं वरच्या तळ्याची दारं उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं. वकील पक्का होता, कोर्टात गेला आणि जिंकला. पण गाव राहिलं नाही. जुन्या वस्तीच्या जागी आज हिरवळ आणि तळं आहे.

सॉल्टेअर, बॉर्नव्हिल, किर्लोस्करवाडी, मिल्टन ॲबस. कागदावर ठेवलीत तर सगळी सारखी दिसतात. सरळ रेघ, सारखे चौकोन. वाडीला आलेली ती २५ कुटुंबं नागाच्या रानात आली, पण आपल्या मर्जीनं आली. मिल्टन ॲबसला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या बाकावरच्या मुलाच्या आज्याला कुणी विचारलं होतं का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. तेवढी अक्कल नव्हती.

तो दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. मग वाटा फुटल्या. मी नोकरीत कितीतरी लेआउट काढले. एकदा एका वस्तीचा नकाशा घेऊन जागेवर गेलो असताना एका म्हातारीनं कागद उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "बाबा, ह्यात बसायचं कुठं?" मला आधी कळेना. रस्ते होते, गटार होतं, प्लॉट होते. तिला पार हवा होता. झाडाखालचा. माझ्या नकाशात पार नव्हता. तो माझा नकाशा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फारच खाली गेलं. मे महिन्यात एक दिवस फोन आला. आवाज ओळखीचा वाटला, पण कळेना. "आरं, धरणवाला बोलतुय," तो म्हणाला. चाळीस वर्षांनी! हे नाव मीच त्याला पोरांबरोबर लावलं होतं, आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं. मला काय बोलावं सुचेना. तो म्हणाला, "गाव वर आलंय. येतुस का बघाय?"

गेलो. जिथं नेहमी पाणी असतं तिथं भेगाळलेला गाळ, शिंपले, आणि मध्येच घरांची जोती. तो पुढं, मी मागं. हातात कागद नव्हता, काही नव्हतं. भर उन्हात भराभर चालत होता. इथं वळायचं, इथं दोन पायऱ्या होत्या, सांभाळ, इथं चावडी. नसलेल्या भिंतींना वळसा घालून चालत होता हो तो! एका जोत्यापाशी थांबला. चपला काढल्या. वर चढला आणि एका कोपऱ्यात उकिडवा बसला.

"हितं चूल," म्हणाला. "आई हितं बसायची."

मीही चपला काढल्या. बराच वेळ आम्ही तिथं बसलो. नदी लांब, एक बारकी रेघ होऊन चालली होती.

परत येताना तो मला आपल्या घरी घेऊन गेला. नव्या गावठाणात. मी ते फक्त त्याच्या नकाशात पाहिलं होतं, सातवीत. मनात तेच सरळ रस्ते आणि नंबर होते. पण आत शिरलो आणि वाट चुकली. कुणी ओटा रस्त्यात काढलेला, कुणी गोठा बाहेर ओढलेला. दोन भावांच्या वाटणीत एका प्लॉटचे दोन झालेले आणि मधून नवाच बोळ निघालेला. एका ठिकाणी रस्ता वडाला वळसा घालून गेला होता. वडाखाली पार, पारावर तीन म्हातारे. पोरं बोळातून सायकली घेऊन अशी सुटत होती की मला दोनदा भिंतीला पाठ लावावी लागली.

चहा झाला. त्याची नात सातवीत आहे. मी पिशवीतून कागद-पेन्सिल काढली, ती माझ्याकडे नेहमीच असते, आणि तिला म्हटलं, "काढ बघू तुमच्या गावाचा नकाशा." तिनं आधी पट्टी शोधली. मग पहिलीच रेघ ओढून थांबली, खोडली, परत ओढली.

तो दारात उभा राहून हसत होता. मला म्हणाला, "दे की तिला आणि एक कागद. येकात बसायचं न्हाई आता."